शेऱ्याचा रकाना

मतदानाला नऊ दिवस उरले असताना मोळवडीच्या चावडीपुढं एक वही मोठ्यानं वाचली गेली, आणि त्या दिवसापासून नाथाजी हवालदाराचं चित्त काही थाऱ्यावर राहिलं नाही.

अठ्ठ्याहत्तर सालचा फेब्रुवारी महिना. उसाच्या तोडी जोरात होत्या. आष्ट्याच्या रस्त्यानं दिवसभर गाड्यांची रीघ, आणि त्या गाड्यांमधून वाट काढत प्रचाराची जीप कर्ण्यावर ओरडत जायची. विधानसभेला पक्षातर्फे हंबीरराव उभे होते. मोळवडीतली म्हातारीकोतारी मतदानाला न्यायची कशी, कुणाच्या गाडीत कोण बसणार, याची वाटणी त्या सकाळी चाललेली. गावातला पक्षाचा कार्यकर्ता आकाराम चावडीच्या पायरीवर उभा राहून वहीतली नावं वाचत होता. पाच-पंचवीस माणसं गोळा झालेली. आकाराम चौथीपर्यंत शिकलेला. अक्षर लागलं की ते तोंडातून बाहेर पडायचं, मग अर्थ डोक्यात शिरायचा.

"राहीबाई ज्ञानू," त्यानं वाचलं, "वय एक्कावन. शेरा... पायाला जखम, चालवत नाही. वेगळी गाडी द्यावी. कारण, रक्तपितीचं औषध मिरजेस चालू."

वाचून झाल्यावर त्याला कळलं आपण काय वाचलं. पण तोवर समोरच्या माणसांनी ते ऐकलं होतं.  तात्याबा धनगरानं खाकरून दुसरीकडं पाहिलं. संध्याकाळच्या धारेला राहीबाईच्या दारात रतिबाचं एकही भांडं आलं नाही.

ती वही नाथाजीनं लिहिलेली होती.

नाथाजीनं एकवीस वर्षं पलटणीत काढली, त्यातली पंधरा कचेरीत. हवालदार होऊन घरी आला तेव्हा गावात त्याच्याइतकं वळणदार अक्षर कुणाचं नव्हतं. घरटी एक तरी माणूस लष्करात, त्यामुळं पत्रं त्याच्याकडंच यायची. लिहायलाही आणि वाचायलाही. कुणाच्या पोराला कुठं पाठवलं, कुणाच्या पेन्शनीचा कागद अडला, विट्याकडचा कुणाचा जावई मदुरेला सोनं गाळायच्या दुकानात गेला तो तिकडंच कसा रमला, सगळं त्याच्या ओसरीवर उलगडायचं. ऐकलेलं तो कधी बाहेर बोलला नाही. बायकोलासुद्धा नाही. लीलाबाई म्हणायची, "तुमच्या पोटात हीर हाय का काय वो?" आणि त्याला ते ऐकून बरं वाटायचं.

मग दोन वर्षांपूर्वी हंबीररावांनी त्याला आष्ट्याच्या पक्षाच्या कचेरीत बोलावून घेतलं आणि गावची वही करायला सांगितलं. सरकारी मतदार यादीत नाव आणि वय एवढंच असतं. पक्षाला त्याहून जास्त पाहिजे होतं. घरात शब्द कुणाचा चालतो, भाऊकी कुणाशी, कुणाचं कुठं अडलंय. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तीनशे बारा घरं नाथाजीनं लाल आणि निळ्या शाईत उतरवली. सांगणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, असं त्याच्या मनात कुठंतरी पक्कं होतं. सांगितलं तर चहाडी. लिहिलं तर काम. पलटणीत रकाना मोकळा ठेवलेला साहेबाला चालत नसे, आणि प्रत्येक नोंदीपुढं कारण लागे.

राहीबाई त्याच्या चुलतभावाची बायको. भाऊ जाऊन दहा वर्षं झालेली. चार वर्षांपूर्वी ती मिरजेच्या दवाखान्यातलं पत्र पदराखाली धरून आली होती. त्यानं ते हळू आवाजात वाचलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली होती, "भावजी, हे तुमच्यात न् माझ्यात." आणि तो म्हणाला होता, "वयनी, गळ्याची आण." औषधानं कुष्ठाचे चट्टे गेले, डाक्टरांनी आता कुणाला लागण होत नाही म्हणून सांगितलं. पायाला तेवढी बधिरी राहिली. काटा मोडला तरी कळायचं नाही, आणि जखम चिघळायची. म्हणून तिला वेगळी गाडी द्यावी, एवढंच त्याला लिहायचं होतं. कारण लिहायची काही गरज नव्हती.

लीलाबाईनं विहिरीवर ऐकलेलं त्या संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. नाथाजी जेवायला बसला होता. त्यानं ताट पुढं सारलं.

"तुमाला ठावं हुतं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आन् त्या वहीत तुमीच..."

तो उठला. परड्यात गेला, तिथून परत आला, पुन्हा गेला. बैलाच्या दाव्याची गाठ सोडून परत बांधली. लीलाबाई दारातून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सायकल काढली आणि आष्टा गाठलं. कचेरीत नुसता कल्ला. पत्रकांचे गठ्ठे फुटत होते, चहाच्या किटल्या फिरत होत्या. हंबीरराव आत खाटेवर बसून पाय दाबून घेत होते. प्रचारानं त्यांचा आवाज बसलेला.

"या हवालदार. मोळवडी काय म्हणतीय?"

"सायेब, ती वही परत घ्यायची. सगळ्या परती. किती काढल्यात?"

"कार्बन घालून चार. का वो?"

नाथाजीनं चावडीपुढचा प्रकार सांगितला. हंबीररावांनी डोळे मिटून ऐकलं. माणूस वाईट नव्हता. दुष्काळात याच माणसानं गावोगाव हिंडून खडी फोडणाऱ्या बायकांची हजेरीचे पैसे वेळेवर मिळवून दिले होते. ते म्हणाले, "वाईट झालं. आकारामाला अक्कल न्हाई. त्याला सांगतो मनात वाच म्हणून."

"मनात वाचून भागायचं न्हाई. पलटणीत अशी फाइल कुलपात असती. कोण उघडतोय त्यानं सही करायची. ज्याचं काम न्हाई त्याच्या हातात ती जात न्हाई. आन् काम संपलं की चार माणसांदेखत जाळायची. आपुण तर ही चावडीवर ठेवली."

"ही काय पलटण हाय व्हय हवालदार?" हंबीरराव हसले. "तुमच्या शेऱ्यावर तर आमची सगळी मदार. तुमच्या गावचा कृष्णात, तिकडच्या पार्टीच्या पंगतीत बसत हुता न्हवं? तुमी लिवलं हुतं बगा, पोराला पलटणीत घालताना जन्मतारीख खोटी लावली म्हणून. आमच्या माणसानं जाऊन नुसतं इचारलं, पोरगं कसं हाय, वय काय आता त्याचं? कालपासनं कृष्णात आपला झेंडा घिऊन फिरतोय."

 ती तारीख घालायचा अर्ज नाथाजीनंच भरून दिला होता. कृष्णातानं हात जोडून मागं लागून भरून घेतला होता, पोराचं कल्याण होईल म्हणून. आता एक माणूस त्याच्या दारात जाऊन पोराचं वय विचारतो, आणि कृष्णात झेंडा उचलतो.

तो खोलीतून बाहेर पडला. बाहेरच्या खोलीत कपाटावर मोळवडीची मूळ वही पडली होती, तिच्यावर कुणीतरी पानाची थुंकी पुसलेली. "नवीन चार नावं घालायची हायत," असं तिथल्या माणसाला सांगून त्यानं ती पिशवीत टाकली. पंधरा वर्षं कचेरीत काढून तो पहिल्यांदा खोटं बोलून कागद नेत होता. वाटेत दोनदा सायकलवरून उतरला. पिशवी उघडून वही आहे ना बघितलं, आणि पुन्हा चढला.

राहीबाई गोठ्यात होती. दोन घागरी दुधानं भरलेल्या तशाच, वर फडकं बांधलेलं. त्याला बघून तिनं पदर सारखा केला, पण या म्हणाली नाही. तो दारातच उभा राहिला.

"वयनी, ते मी लिवलं."

"ठावं हाय. दुसऱ्या कुणाला म्हाईतच न्हवतं."

"तुमाला गाडी मिळावी म्हणून..."

"गाडी मागितली हुती का मी?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं. "चार वरीस मी मिरजंला जायची तर गावाला सांगायची, बहिणीकडं चालले. बहिणीच्या नावानं खोटं बोलले, सुनंला खोटं बोलले. आन् तुमी कागदावर चढवून पार्टीला दिलं."

त्यानं सांगितलं की मिरजेच्या डाक्टरांकडनं दाखला आणता येईल, बरी झाली म्हणून. तो स्वतः घेऊन येईल आणि चावडीवर लावील. तशी ती पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघून म्हणाली, "माझा रोग मी गावाला का दावू? हुता तवाबी दावला न्हाई. गेला त्यो बी दावायचा न्हाई. काय लिवलंय ते वाचा."

"आँ?"

"माझ्यावर काय लिवलंय, मला वाचून दावा. समद्या गावानं ऐकलं. मीच तेवढी ऱ्हायले."

त्यानं वही उघडली. तिच्या नावाची ओळ वाचली. ती शेवटपर्यंत ऐकत होती, मान खाली न घालता. "अजून हाय का?" तिनं विचारलं. होतं. 'सून माहेरी जाऊन बसते. भावकीत मान नाही.' हेही त्यानं वाचलं. ती आत गेली आणि विळी घेऊन आली. त्यानं पान धरलं, आणि तिनं तिची ओळ विळीच्या पात्यावर अलगद कापून काढली. चुलीत टाकली. कागद जळायला कितीसा वेळ लागणार.

"ह्ये गेलं," ती म्हणाली. "आता बाकीच्यांचं."

"बाकीच्यांचं म्हंजे?"

"मी एकलीच हाय व्हय त्यात? तीनशे घरं लिवली म्हणताय. जावा तीनशे घरांत. मला वाचून दावलं तसं दावा." आणि तो वळला तेव्हा पाठीमागून म्हणाली, "आन् माझ्या दारात परत येऊ नगा. एवढ्यात तरी."

पुढचे सात दिवस नाथाजी घरात टेकला नाही. पहाटे धार काढली की वही आणि लीलाबाईची कात्री घेऊन निघायचा. मनाशी त्यानं काही ठरवून घेतलं होतं. ज्याचं त्यालाच वाचून दाखवायचं, दुसऱ्याला नाही. बायकोनं नवऱ्याचं विचारलं तरी नाही, नवऱ्यानं बायकोचं विचारलं तरी नाही. वाचताना तिसरं माणूस जवळ नको. ज्याला ठेवायचं त्यानं ठेवावं, ज्याला कापायचं त्यानं स्वतःच्या हातानं कापावं.

वाटलं होतं त्याहून ते कठीण होतं. रंगूबाईच्या शेऱ्यात तिचा जावई मदुरेला दुसरं घर करून राहिल्याचं होतं. तिनं ते ऐकलं आणि त्याच्या गालावर चपराक ठेवून दिली, मग कापलेला कागद चोळीत खोचून रडत बसली. तात्याबा धनगराचा शेरा होता, 'दोन्ही पार्टीचं जेवतो, भरवसा नाही.' तात्याबा इतका हसला की त्याला ठसका लागला. "ते ऱ्हाऊ दे रं हवालदार, खरं हाय ते. कापू नगंस." एका घराच्या शेऱ्यात नुसतं 'विशेष काही नाही' होतं, आणि घरधनी रुसला. आपल्यावर लिहिण्यासारखं काहीच नाही का म्हणून.

कृष्णात मात्र ओळ ऐकून घामाघूम झाला. "आर्ज तूच भरलास गड्या, आन् तूच लिवलंस?"

"व्हय."

"पोराला काढत्याल का रं?"

"मला ठावं न्हाई." हे खोटं नव्हतं. हंबीररावांच्या माणसाच्या डोक्यात ती तारीख बसली होती, आणि डोक्यावर कात्री चालत नाही. कृष्णातानं ओळ कापली, बारीक बारीक तुकडे केले आणि तोंडात घालून गिळले. नाथाजी ते बघत उभा राहिला. त्यानंतर दोन दिवस त्याला अन्न गेलं नाही.

आकारामानं त्याच्याकडची प्रत आपणहून आणून दिली. "आवं काका, मी तिच्या हातचं दूध पिऊन मोठा झालो," एवढंच म्हणाला आणि मान खाली घालून गेला. दुसरी प्रत शाळेजवळच्या बूथवाल्याकडं होती, तीही मिळाली. तिसरी आष्ट्याच्या कचेरीतून आकारामानं काढून आणली, कशी ते त्यानं सांगितलं नाही आणि नाथाजीनंही विचारलं नाही. ह्या प्रतींमधली पानं लीलाबाईनं परड्यात जाळली. चौथी जीपमध्ये होती, आणि जीप तालुकाभर हिंडत होती.

मतदानाच्या आदल्या दिवशी हंबीररावच मोळवडीत आले. तेव्हा नाथाजी ओसरीवर बसून शेवटची नऊ घरं तपासत होता. वहीची पानं एका बाजूनं उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती. हंबीररावांनी ती हातात घेतली, दोन पानं उलटली. चेहरा लाल झाला.

"हवालदार, पक्षाची वही हाय ही. दोन वरसांचं काम."

"वही पक्षाची. कागद पक्षाचा, शाई पक्षाची. त्यातलं माणूस पक्षाचं न्हाई, सायेब."

"तुमी तिकडच्या पार्टीला मिळालाय का? खरं सांगा."

"न्हाई. उद्या मत तुमालाच घालणार हाय."

हंबीररावांनी मागं वळून पाहिलं. जीपमधली माणसं ऐकत होती. शेवटी त्यांनी वही ओसरीवर टाकली. "उद्यापासनं कचेरीत येऊ नगा," म्हणाले आणि निघाले. नाथाजी जीपमागं धावला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पायात वहाण नाही. "सायेब, चौथी परत! ती तरी द्या!" जीपनं धुरळा उडवला. ती थांबली नाही.

मतदानाच्या दिवशी राहीबाई चालत आली. आकाराम गाडी जुंपून तिच्या दारात गेला होता, तिनं बसायला नकार दिला. शाळेच्या पटांगणात बायकांची रांग होती. तिच्या पुढची बाई दोन पावलं सरकली, मागची दोन पावलं मागं थांबली. ती मध्ये एकटी, पायाला पांढरी चिंधी बांधलेली, तासभर उभी राहिली. मत घातलं आणि तशीच चालत घरी गेली. कुणाला घातलं ते कुणी विचारलं नाही. नाथाजी पुरुषांच्या रांगेत होता. त्याला तिच्याकडं बघवेना आणि नजर दुसरीकडंही ठरेना.

हंबीरराव निवडून आले. शेऱ्यांवाचून आले की शेऱ्यांमुळं, हे कुणाला सांगता येणार? मोळवडीतून त्यांना पहिल्यासारखीच मतं पडली. कृष्णाताच्या पोराला कुणी काढलं नाही. पण कृष्णात पुढंही झेंडा घेऊनच फिरत राहिला, हंबीररावांची जीप दिसली की लगबगीनं पुढं व्हायचा. राहीबाईच्या दारात पाडव्यापर्यंत सहा भांडी परत आली. आधी अठ्ठावीस यायची. एक म्हैस तिनं विकली. मिरजेचं पत्र आलं की ती ते न फोडता एस्टीनं मिरजेला जायची आणि ज्यानं पाठवलं त्याच्याकडूनच वाचून घ्यायची. नाथाजीच्या ओसरीवर पत्रं येणं हळूहळू बंद झालं. गावात दुसरं कुणी वाचणारं नव्हतं असं नाही. शाळेचे मास्तर होते, टपालवाला होता. ते वाचून दाखवायचे. लोक ऐकून कागद हातातून काढून घ्यायचे.

चौथी प्रत त्यानं पुष्कळ शोधली. जीपच्या ड्रायव्हरला गाठलं. तो म्हणाला, कुठंतरी पडली असेल, किंवा कऱ्हाडच्या सभेत कुणी मागून नेली असेल, आपण काय वाचतोय व्हय ते. नाथाजी आष्ट्याच्या बाजारात रद्दीच्या दुकानांपुढं थांबायचा. भज्याच्या पुडीवर कार्बनची निळी अक्षरं दिसली की पुडी उलटी करून बघायचा. लीलाबाई म्हणायची, "सोडा आता. वरीस झालं." तो मान हलवायचा, आणि पुढच्या बाजारी पुन्हा थांबायचा.

दुसऱ्या वर्षी जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. एक दिवस भर उन्हाचा भाऊसो नावाचा माणूस त्याच्या दारात आला, बगलेत नवी कोरी वही. तो दुसऱ्या पार्टीचा. पाणी मागून प्याला, घरात माणसं किती विचारलं, लिहिलं. नाथाजीनं पाहिलं, शेवटचा रकाना शेऱ्याचाच होता. कोरा नव्हता. आधीच काहीतरी लिहिलेलं होतं.

"माझ्यावर काय लिवलंय?" त्यानं विचारलं.

भाऊसोनं वही मिटली. "ते दावायचं नसतंय हवालदार. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"माझंच हाय न्हवं? मला वाचू दे. दुसऱ्याचं एक अक्षर बघत न्हाई."

"आवं, बरंच लिवलंय, वाईट कायबी न्हाई," भाऊसो हसत हसत उठला आणि पुढच्या घराकडं गेला.

नाथाजी त्याच्या मागोमाग गेला. शेजारच्या दारात, त्याच्या पुढच्या दारात. प्रत्येक ठिकाणी भाऊसो विचारायला लागला की हा बाहेरूनच ओरडायचा, "आदी वही दावाय सांगा! मग बोला!" भाऊसोनं दोनदा हात जोडले, तिसऱ्यांदा शिवी दिली. काही लोक हसले. रंगूबाईनं दार लावून घेतलं. राहीबाईच्या दारात भाऊसो पोचला तेव्हा ती पायरीवर बसून पायाची चिंधी बदलत होती. नाथाजी रस्त्याच्या पलीकडं थांबला. आत यायची परवानगी त्याला अजून नव्हती.

"माणसं किती, मावशी?" भाऊसोनं विचारलं.

तिनं मान वर केली. भाऊसोच्या खांद्यावरून तिला पलीकडं उन्हात उभा राहिलेला नाथाजी दिसला, धापा टाकत.

"वाचून दाव आदी," राहीबाई म्हणाली. "मग सांगते."

भाऊसो वही बगलेत मारून पुढच्या आळीला निघाला. नाथाजीही निघाला, त्याच्या मागं.